कापून ठेवलेला खोकला

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी हिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं आणि परत फुगवला. वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार. ही म्हणाली, "डॉक्टर, शाळेत वर्गात पन्नास पोरं होती तेव्हा नाही वाढलं. आता घरात एकच आहे, तर वाढलं." डॉक्टर हसले. ते एकच म्हणजे मी, त्यामुळे मी हसलो नाही.

गोळी लिहून दिली आहे. बारीक, पांढरी, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. रोज सकाळी एक. "किती दिवस?" हिनं विचारलं. "आता कायमची." "म्हणजे नवऱ्यासारखी?" "नवऱ्यापेक्षा गुणकारी," डॉक्टर म्हणाले. दोघांचं बरं जमलं. महिन्यानं परत बोलावलं आहे, आणि मध्ये काही वेगळं वाटलं तर लगेच येऊन सांगा म्हणाले. ते दर गुरुवारी सकाळी असतात.

ही वही त्यासाठीच काढली. रेडिओत तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलं आणि दिवसाची नोंद लिहिल्याशिवाय कधी घरी आलो नाही. निवृत्त झाल्यापासून हाताला चैन नव्हती. आता हिचं औषध आणि पुस्तकाचं रेकॉर्डिंग, दोन्ही इथेच लिहीन.

८ फेब्रुवारी

पुस्तक म्हणजे कायद्याचा सहाशे पानी ग्रंथ, सव्वीस प्रकरणं. एक अंध बाई वकिलीच्या परीक्षेला बसते आहे, वय चाळीसच्या पुढे, दिवसभर एका कचेरीत टेलिफोन जोडून देण्याचं काम करते. आम्ही तिला टेलिफोनवालीच म्हणतो. परीक्षा मेच्या मध्यावर. हिनं वाचायचं, मी रेकॉर्ड करायचं, एप्रिलअखेर सगळं तिच्या हातात द्यायचं असं ठरलं. ही तर एका पायावर तयार झाली. शाळा सुटल्यापासून आपला आवाज वाया चाललाय असं तिला वाटायचं.

आतली खोली स्टुडिओ केली आहे. कपाटाच्या दारांवर रजया टांगल्या, खिडकीच्या फटींत कापूस भरला. खालचं गॅरेज आठला उघडतं, म्हणून आम्ही साडेपाचला बसतो. बोलायचं नाही, खुणा करायच्या. तळहात दाखवला की थांब. बोट हवेत गोल फिरवलं की पुन्हा घे. दोन बोटं पुढे केली की चालू दे, पुढे. ही म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही न बोलता सांगताय, किती बरं वाटतंय."

टेबल करकरत होतं. पान उलटताना कोपर टेकलं की करकर थेट माइकमध्ये. गोळ्यांच्या खोक्यात एक लांबलचक माहितीपत्रक निघालं, मुंगीएवढी अक्षरं. त्याला आठ घड्या घालून टेबलाच्या उजव्या पायाखाली सरकवली. करकर बंद. औषध कंपनीचे आभार.

११ फेब्रुवारी

मला हिला रोज "गोळी घेतलीस का" विचारावं लागत नाही. सव्वापाचला मी हेडफोन लावून माइक तपासत असतो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. दार उघडं. पाकिटातून गोळी बाहेर येते त्याचा 'टक्' मला स्वच्छ ऐकू येतो, मग पेल्याचा आवाज, मग दोन घोट. हिला सांगितलं तर म्हणाली, "अगंबाई, म्हणजे माझ्यावर पाळत आहे." म्हटलं, कान आहेत, काय करू.

२४ फेब्रुवारी

सहा प्रकरणं झाली. हिचं वाचन म्हणजे वाचन. कलमं, पोटकलमं, एकात एक अडकलेली वाक्यं, पण ही अशी सोडवून वाचते की मलाही कायदा कळायला लागलाय. पेन्सिलीनं श्वासाच्या जागांवर आधी खुणा करून ठेवते.

चार दिवसांपासून खोकते आहे. कोरडा, घशात काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखा. सर्दी नाही, ताप नाही.

१ मार्च

आज अर्ध्या तासात अकरा वेळा खोकली. वाक्य रंगात आलं की खोकला. मी तळहात दाखवतो, ती पाणी पिते, मी बोट फिरवतो, ती मागच्या ओळीपासून घेते. मग दुपारभर बसून मी खोकले कापतो. कापलेलं फेकायचं नाही ही रेडिओची सवय, म्हणून पान क्रमांक घालून सगळे एका वेगळ्या फाइलीत ठेवतो आहे. फाइलीचं नाव 'कचरा'.

५ मार्च

धूळ असणार. सगळे पडदे धुतले, सतरंजी गुंडाळून गॅलरीत टाकली, रजया उन्हात घातल्या. खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आणली. हिनं ती टेबलावर ठेवली, हात लागला की खळखळ. म्हटलं, ही डबी स्वयंपाकघरात. ठेवून आली.

उद्या डॉक्टरांचा गुरुवार. मी म्हटलं, तिथे रांगेत सकाळ जाते, म्हणजे अर्धं प्रकरण जातं. पुढच्या गुरुवारी जाऊ. ही म्हणाली, "जायला हवं होतं खरं."

९ मार्च

आज माझा तोल गेला. बारावं प्रकरण, एकच पान, सात वेळा घेतलं. सातव्यांदा शेवटच्या ओळीत खोकली. मी हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि म्हणालो, "तुझा हा खोकला त्या बिचारीचं वर्ष बुडवणार आहे." हिनं पुस्तक मिटलं, चष्मा काढून पदरानं पुसत बसली. बराच वेळ पुसत होती.

दुपारी चहा मी केला. माफी वगैरे मागायची सवय नाही. चहा मात्र तिच्या आवडीसारखा दाट केला.

१० मार्च

हिच्या ताईचा फोन आला होता. दोघी बहिणी फोनवर बसल्या की तासाची निश्चिंती. मी बाहेर कापायचं काम करत होतो, हिच्या बाजूचं तेवढं कानावर आलं. "हो का? तुलासुद्धा? ... मग बदलून घेतलीस? ... आठ दिवसांत? ... अगं पण आत्ता कुठे वेळ आहे ... नाही गं, ह्यांना नाही सांगत, पुस्तक होऊ दे."

बहुधा चष्म्याची काच. ताईनं मागे काच बदलली तेव्हा आठ दिवस तेच पुराण चाललं होतं. बदलायची असेल तर बदल म्हणावं, मी काय नाही म्हणणार आहे का? पण विचारलं नाही. बहिणींच्या गोष्टीत आपण पडू नये.

२३ मार्च

खोकला गेला!

आठ-दहा दिवस कमी कमी होत होता, आज सबंध सत्रात एकही नाही. मी हिला म्हटलं, पडदे धुतल्याचा गुण. म्हणाली, "तुमच्या हाताला यश आहे हो." वाचनही कसं एका दमात. दुपारी कापायला काही नव्हतंच, चक्क झोप काढली. आता रोज पंधरा पानं होतील.

२ एप्रिल

एकोणीस प्रकरणं पूर्ण. टेलिफोनवालीकडे अठरा पोचली.

हल्ली सकाळच्या 'टक्'च्या पाठोपाठ एक बारीक 'टिण्' येतो. चमचा असावा. घोटांचा आवाज मात्र बरोबर. बाजारात निघालो तर वाटलं खोकल्याच्या गोळ्या आणखी हव्यात का बघावं. फळीवरची डबी हलवून पाहिली, जड होती, भरल्यासारखी वाजली. बरोबरच आहे, खोकला नाही तर गोळ्या संपतील कशा. तशीच ठेवली.

९ एप्रिल

हिचं डोकं दुखतं म्हणते, मागच्या बाजूला, मानेपाशी. सकाळी उठताना जास्त. काल एक ओळ दोनदा वाचली आणि तिला कळलं नाही. आज 'प्रतिवादी'च्या जागी 'वादी' म्हणाली, असं ही कधी करत नाही. मी बोट फिरवलं, तिनं नीट घेतलं. चष्म्याचाच दोष. मी म्हटलं, पुस्तक झालं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. म्हणाली, "हो. पुस्तक झालं की सगळ्याच डॉक्टरांकडे जाऊ." आणि हसली.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. म्हणाली, "माझा आवाज त्या बाईच्या कानात किती दिवस राहील हो?" म्हटलं, परीक्षेपर्यंत. तर म्हणाली, "तेवढ्यापुरता नाही. चांगलं वाचलंय मी." कौतुक ऐकायचं होतं तिला. मी म्हटलं, बरं वाचतेस. एवढंच म्हणालो.

१३ एप्रिल

चोविसावं संपलं. दोन राहिली. गुरुवारी दवाखान्यात जाऊ असं ही आज आपणहून म्हणाली.

१९ एप्रिल

सहा दिवसांनी लिहितो आहे.

मंगळवारी साडेपाचला पंचविसावं सुरू केलं. दुसऱ्या परिच्छेदात 'साक्षीदाराने' म्हणण्याऐवजी ही काहीतरी भलतंच म्हणाली. मी बोट फिरवलं. तिनं परत घेतलं, परत भलतंच. मला वाटलं झोप झाली नसेल. मी बोट फिरवलं. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि जे आलं त्यात शब्दच नव्हते, नुसता आवाज होता. मी तेव्हाही बोट फिरवलं.

मग तिच्या हातातली पेन्सिल पडली. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. उजवी बाजू खाली ओघळली होती. मी काट्याकडे बघत होतो, आवाजाची पातळी बरोबर येते का ते. तिच्याकडे बघतच नव्हतो.

गॅरेजवाला लवकर आला होता, त्यानं गाडी काढली.

मेंदूतली रक्तवाहिनी. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. जीव वाचला म्हणतात.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ब्लडप्रेशरची गोळी नियमित घेत होत्या?" मी म्हणालो, "एक दिवस चुकला नाही. मी रोज ऐकतो." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "ऐकता?" मी पाकीट काढून दाखवलं. सगळी घरं रिकामी. आत आणताना मोजलेले आकडे त्यांनी मला वाचून दाखवले. वरचं दोनशे अठरा.

२१ एप्रिल

ताई आल्या आहेत. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून रडत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, पण तिच्यावर रागावू नका. मलाही तीच गोळी होती. मलाही तसाच खोकला झाला. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी दुसरी दिली, आठ दिवसांत खोकला गेला. मी तिला तेच सांगितलं. तर म्हणाली, दुसरी सुरू करायची म्हणजे परत तपासण्या, परत चकरा, पुस्तक मागे पडेल, ह्यांची चिडचिड होते. पुस्तक होईपर्यंत बंद ठेवते. मी म्हटलं, बंद नको करूस गं. हो म्हणाली. मला वाटलं, ऐकलं."

मी घरी आलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. डबी उघडली. खोकल्याची एकही गोळी नव्हती. बारीक, पांढऱ्या, बटणापेक्षा लहान. छत्तीस.

टक् आणि टिण्. मी रोज ऐकत होतो.

२२ एप्रिल

आज टेबल उचलून तो कागद काढला. आठ घड्या पक्क्या बसल्या होत्या, सोडवताना एका घडीवर फाटला. भिंग घेऊन वाचला. 'वारंवार आढळणारे त्रास' या मथळ्याखाली पहिली ओळ: कोरडा, सतत येणारा खोकला. त्याच्या पुढे: असे झाल्यास डॉक्टरांना कळवावे, औषध आपल्या मनाने बंद करू नये.

अडीच महिने हा कागद तिच्या पायाजवळ होता. मी ठेवला होता. ती खोकत होती आणि मी तिला पुन्हा घे, पुन्हा घे करत होतो. माझ्यासारखा बहिरा माणूस या धंद्यात तीस वर्षं कसा टिकला कोण जाणे.

कागद परत पायाखाली ठेवला नाही. टेबल करकरतं आहे.

२ मे

हिला घरी आणलं. दुसरी गोळी आहे, पिवळी. या गोळीनं खोकला होत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं सांगितलं असतंत तरी बदलून दिली असती, दोन मिनिटांचं काम होतं." त्या टोचून बोलल्या नाहीत, पण मला खाली बघावं लागलं. आता गोळी मी स्वतः तिच्या जिभेवर ठेवतो, पाणी पाजतो आणि तोंड उघडायला लावून बघतो. आज तिनं तोंड उघडलं आणि जीभ काढून दाखवली, वर्गातल्या पोरीसारखी. मी हसलो आणि मग मोरीत जाऊन रडलो.

बोलायला शिकवायला एक बाई येतात. सध्या एकच शब्द येतो, 'बरं'. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं.

४ मे

टेलिफोनवालीचा फोन. तिला कळवलं होतं. मग म्हणाली, "काका, शेवटची दोन प्रकरणं राहू द्या. मी कोणाकडून तरी वाचून घेईन." मी म्हटलं, मी वाचून देतो, माझा आवाज म्हणजे फाटका ढोल आहे, पण कायदा तोच आहे.

मग म्हणाली, "एक सांगू? सातव्या प्रकरणात बाईंचा एक खोकला तुमच्याकडून राहून गेलाय."

एवढं होऊनही पहिलं मनात आलं ते हेच, की माझ्याकडून राहिला कसा. म्हणालो, दुरुस्त करून पाठवतो.

"नको नको, असू द्या. बाकी सगळं इतकं स्वच्छ आहे की कधीकधी यंत्र बोलतंय असं वाटतं. तो खोकला आला की वाटतं, कोणीतरी समोर बसलंय आणि माझ्यासाठी वाचतंय. मी तिथे थांबते आणि पाणी पिते. आणि काका, बाविसाव्यापासून बाई थकल्यात का? त्यांचा 'स' जड झालाय. विचारीन म्हणत होते, राहूनच गेलं."

तिला ऐकू आलं होतं.

१० मे

शेवटची दोन प्रकरणं वाचून पाठवली. करकर, माझी धाप, खालच्या गॅरेजचा हातोडा, सगळं आहे तसं ठेवलं.

आणि 'कचरा' उघडली. पान क्रमांकांमुळे सोपं गेलं. सात दिवस, रोज दुपारी, प्रत्येक खोकला उचलून त्याच्या पानावर, त्याच वाक्यात परत ठेवला. पहिली पाच प्रकरणं सोडली, तेव्हा खोकला नव्हता. मग सहाव्यात सुरू होतो, बाराव्यात सगळ्यात जास्त, मग विरळ होत होत सोळाव्यात संपतो. आधी मला हे यश वाटलं होतं. आता उलटं दिसतं. जिथे खोकते आहे तिथे गोळी तिच्या पोटात आहे, ती सुरक्षित आहे. जिथे आवाज स्वच्छ होत जातो, तिथून मला पुढे ऐकवत नाही.

ही प्रत कोणाला पाठवायची नाही. घरासाठी आहे.

११ मे, रविवार

सकाळी गोळी दिली, जीभ पाहिली. खुर्ची टेबलाशी नेली, तिला बसवलं, उजवा हात उशीवर ठेवला. मी माझ्या जागी बसलो, हेडफोन न लावता. बारावं प्रकरण लावलं.

स्वतःचा आवाज ऐकून ती आधी दचकली. मग डोळे मिटून ऐकायला लागली. ओठ हलत होते, आवाजाच्या मागे मागे. ते पान आलं, नऊ मार्चचं, सात वेळा घेतलेलं. शेवटच्या ओळीत खोकला आला.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, जरा वरमून, चूक झाल्यासारखं. आणि डावा हात उचलून बोट हवेत गोल फिरवलं.

मी नाही म्हणून मान हलवली. हात पुढे केला, दोन बोटं दाखवली. चालू दे. पुढे.

"बरं," ती म्हणाली.